गेटाबाहेरची कुंदा

कुंदा सावंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटकीला मोड आलेत का ते बघत होते. फोन तिच्या वहिनीचा, मंगलचा. "निमाताई, कुंदाताई झोपेतच गेल्या," एवढंच ती बोलली आणि मग पलीकडून नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज येत राहिला... मला रडू आलं नाही. आधी राग आला. दोनच दिवसांपूर्वी हीच बाई मला फोनवर दरडावत होती, "शनिवारी ये. कॉलेजची पोरं येणार आहेत पाण्याचं बघायला. तू काही बोलू नकोस, नुसती बस आणि अनुभवी दिस." चाळीस वर्षांची मैत्री, आणि माझा उपयोग काय, तर अनुभवी दिसणं! मी तिला द्यायचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

भोईवाड्याच्या स्मशानात पुष्पचक्रं आली. त्यांच्यावरचा चकचकीत प्लास्टिकचा कागद ओरबाडून काढायला चाळीतल्या दोन बायका फाटकाशीच उभ्या होत्या. कुणा पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, "अहो, राहू द्या ना, शोभा जाते." त्यातली एक म्हणाली, "शोभा गेली तर जाऊ दे, प्लास्टिक दिसलं तर ताई उठून बसतील." आणि स्मशानात चक्क हशा पिकला. मीही हसले, आणि मग मात्र मला आवरेना.

आता महिना होत आला. पुरवणीवाल्यांनी सांगितलं, विद्यापीठातली एक विद्यार्थिनी पर्यावरण आणि सामाजिक न्यायाच्या नेतृत्वापर्यंत कशी पोचली, तो प्रवास लिहा. कुंदाने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, "प्रवास कसला? लालबागहून परळ. तोही चालत." खरंच आहे ते. पण त्या एवढ्याशा अंतरात जे घडलं ते सांगताना आजही माझा जीव वरखाली होतो, म्हणून लिहिते आहे.

गिरणी संपाचं पहिलं वर्ष. आम्ही दोघी एम.एस्सी.ला, सूक्ष्मजीवशास्त्राला. मी गिरगावातली, चार पुस्तकं आणि आठ काका अशा घरातली, कुठे काही खुट्ट झालं की खिडकी लावून घेणारी. कुंदा लालबागच्या चाळीतली. तिचे बाबा समोरच्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायचे. आई घरात खानावळ चालवायची. मुलूख सोडून आलेले कोकणातले गडी तिच्याकडे दोन वेळचं जेवायचे. संप सुरू झाला, जेवणारे एकेक करून गावाला परतले, आणि काकूंचं मोठं पातेलं पालथं पडलं. कुंदा संध्याकाळी शिकवण्या घ्यायची, सकाळी परळला कॉलेजात यायची, आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं लोणचं विचारल्याशिवाय खायची. तिची गरिबी कधी दिसायची नाही, कारण ती बोलायला लागली की समोरच्याला दुसरं काही दिसायचंच नाही. भरभर, हातवारे करत, मध्येच मालवणी, मध्येच हिंदी... आमचे सर म्हणायचे, सावंत, श्वास घे.

चाळीला पाणी दोन वाटांनी यायचं. पिण्याचं पालिकेच्या नळाला, पहाटे थोडा वेळ, रडतखडत. आणि धुण्याभांड्याचं, मोरीचं, सामाईक संडासांचं पाणी समोरच्या गिरणीतल्या विहिरीचं. गिरणीचा पंप चालायचा आणि रस्त्याखालच्या नळीतून चाळीची टाकी भरायची. कुणी कधी ठरवलं कोण जाणे, पण कैक वर्षांची ती रीत होती. संप लागला आणि थोड्याच दिवसांत ती नळी कोरडी पडली. गिरणीकडून सांगण्यात आलं, विहीर आटली. लोकांना ते खरं वाटलं. संपात सगळंच आटत चाललं होतं, त्यात विहिरीचं कोण काय विचारणार? बायका लांबून पाणी आणायला लागल्या. सगळ्यात वाईट होते ते संडास. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण तरण्या मुली दिवसभर पाणी पीत नसत, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

वर्गात प्रकल्पाचे विषय द्यायचे होते. कुणी दही घेतलं, कुणी इडलीचं पीठ, मी ताक. कुंदा उठून म्हणाली, "विहीर." सर म्हणाले, "कुठली?" "आटलेली. श्रावणातही आटलेली विहीर मला बघायची आहे, सर. कुठल्या शास्त्रात बसते ती?" सर हसले. त्या गिरणीतला एक इंजिनीअर त्यांच्या ओळखीचा निघाला, त्यांनी फोन केला आणि आम्हाला आत जायची परवानगी मिळाली.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर पुढचं काही कळणार नाही. संपाच्या काळात गिरणीच्या गेटाला गिरणगावात जो अर्थ होता तो गिरगावात नव्हता. गेटाच्या बाहेर उभा तो आपला, आत गेला तो फुटीर. मधलं काही नाही. आणि सावंतकाकांनी, तसा तो माणूस कमालीचा अबोल, चाळीच्या सभेत सगळ्यांसमोर उठून सांगितलं होतं, "संप मिटापर्यंत ह्या घरातलो एक माणूस त्या गेटातून आत जावचो नाय." टाळ्या पडल्या होत्या. कुंदा त्या सभेत होती, तिनेही वाजवल्या होत्या. मी तिला विचारलंसुद्धा, "बाबांचं काय?" ती म्हणाली, "अगं, मी काय साचे चालवायला जातेय? दहा मिनिटं. कुणाला कळणारही नाही." विशीतल्या माणसाला किती गोष्टी दहा मिनिटांच्या वाटतात!

नमुने थंड ठेवायचे तर बर्फ हवा. तो आम्ही बाजारातल्या कोळणीकडून घेतला. "पान्याला बरफ?" ती म्हणाली, "आमी तं म्हावऱ्याला लावतो." थर्मासमध्ये तो बोंबलाच्या वासाचा बर्फ, पिशवीत निर्जंतुक केलेल्या बाटल्या, गळ्यात सुतळी, असा आमचा शास्त्रीय जामानिमा. आत शिरलो तर सगळीकडे शांतता. एवढ्या मोठ्या जागेत नुसती कबुतरं. बॉयलरघराच्या मागे वळलो, कुंदा काठावर ओणवी झाली आणि तिने माझ्या पाठीत असा दणका घातला की मीच आत पडायची. विहीर तुडुंब होती! हाताने पाणी घ्यावं इतकं वर. हिरवट, गार, आभाळ दिसत होतं त्यात. "निमे, बघ! बघ, आटलेली विहीर!" ती ओरडत होती आणि मी तिला गप्प करत होते. बाटल्या सोडल्या, भरल्या, बुचं लावली. त्या दिवशी तिच्या तोंडावर जे तेज होतं ते मी पुढे तिच्या कुठल्याच सत्कारात पाहिलं नाही.

आणि बाहेर पडताना घात झाला. गेटातल्या लहान दरवाज्याने आम्ही गुपचूप निघणार होतो, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि आत कामावर जाणारी जी मूठभर माणसं होती, त्यांना बाहेर काढायला अख्खं गेट उघडलं. आम्ही त्यांच्यातच सापडलो. बाहेर घोषणा चालू होत्या. कुंदाच्या चाळीतलेच लोक पुढे होते. त्यांच्यातल्या एकाची घोषणा अर्ध्यावर थांबली आणि तो म्हणाला, "ही सावंतांची कुंदा..." बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चाळीत वणवा पसरायला किती वेळ लागतो? सावंतांची पोरगी फुटली. बापाला पुढे करून मागच्या दाराने आत गेली. त्या वर्षी चाळीच्या गणपतीत आरतीचं ताट त्यांच्या दारावरून पुढे गेलं. काकूंच्या पंगतीला जे दोन-चार गडी उरले होते तेही यायचे थांबले. काकू येईल-जाईल त्याला सांगायच्या, "माझ्या चेडवान चोरी नाय केल्यान. पाणी बघल्यान." कोण ऐकणार? सगळ्यात कठीण होतं ते काकांचं. ते ओरडले नाहीत, हात उगारला नाही. त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. त्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे कुशीवर वळलं तरी दुसऱ्याला लागायचं, तिथे ते बायकोला सांगायचे, "तिका सांग, जेवण झाकून ठेव." आणि ती तिथेच, हातभर अंतरावर बसलेली. कुंदा मला म्हणाली, "निमे, मला चाळ काय म्हणते त्याचं काही नाही गं. पण बाबांनी एकदा शिव्या तरी द्याव्यात." तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसरी कुणी असती तर थर्मास माळ्यावर टाकून इडलीचं पीठ घेतलं असतं. हिने काय करावं? पाण्याचे निकाल हातात आले, वापरायला उत्तम, आणि ही दुपारी चाळीच्या गॅलरीत, जिथे सगळ्या बायका निवडणं-टिपणं घेऊन बसतात, तिथे जाऊन उभी राहिली. मी मागे, जिन्याला धरून. बायकांनी माना फिरवल्या. कुंदा म्हणाली, "मी आत गेले होते. खोटं नाही. बाबांचा शब्द मोडला, तेही खरं. पण विहीर आटलेली नाही. तुडुंब आहे. तुम्ही लांबून हंडे वाहताय आणि रस्त्यापलीकडे पाणी काठाला लागलंय." मग चाळीतल्या सर्वांत वडील तारामावशी हातातली मेथीची जुडी ठेवून म्हणाल्या, "खरंच गं?" त्या दोन शब्दांनी सगळं पालटलं. एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणी गिरणीवाल्यांना शिव्या दिल्या, कुणी नवऱ्याला. "पण आत जाणार कोण? जो जाईल तो फुटीर!"

कुंदाने विचारलं, "मावशी, तुमचं नाव गिरणीच्या मस्टरवर आहे?"

"माझं कशाला असेल बाय?"

"मग तुम्ही संपावर नाही. कामगारच नाही, तर फुटणार कशा? इतकी वर्षं डबे केलेत, पाणी भरलंत, पाळीवरून आलेल्याचे पाय चेपलेत, कुणी तुमची हजेरी लावली? मग आता तरी कोण लावणार?"

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. त्या निवडलेल्या मेथीच्या ढिगापाशी उभं राहून केलेलं ते एवढंसं बोलणं मला सगळ्यांत थोर वाटतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कुणीतरी फिसकन हसली, आणि मग खंडेनवमीची गोष्ट निघाली.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असायची. साच्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, आणि त्या एका दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. कुंदाचं म्हणणं, या वर्षीही पूजेला जायचं. पण पुरुषांनी नाही, फक्त बायकांनी. आणि पूजा साच्यांची नाही, विहिरीची. संप समितीचे कार्यकर्ते आधी बिथरले. मग तारामावशींनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते माहीत नाही, पण "यंत्राला हात लावायचा नाही" एवढ्या अटीवर ते बाहेर आले. गिरणीवाल्यांनी मात्र आनंदाने होकार दिला; विहिरीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, घरच्या बायका आल्या म्हणजे मागोमाग पुरुषही येणार. त्यांनी फोटोग्राफर बोलावून ठेवला होता, पेढे आणले होते!

त्या सकाळी रस्त्यावर जे दृश्य होतं ते कसं सांगू... ठेवणीतली लुगडी, नाकात नथी, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर घासूनपुसून लखलखीत केलेली कळशी, तोंडापर्यंत झेंडू भरलेली. फुटपाथवर पुरुष दोन्ही बाजूंना उभे, घोषणा नाही, काही नाही. सगळ्यांत पुढे कुंदा. गेट उघडलं आणि सावंतकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी कुंदाच्या डोक्यावरची कळशी उतरवली, इकडे तिकडे पाहिलं, आणि ती माझ्या हातात दिली. "ही आत जावची नाय. तू जा गो."

मी! गिरगावातली, जिने पाण्याचा तांब्यासुद्धा दोन हातांनी धरायचा! कुंदाकडे पाहिलं. सगळं तिचं होतं, विहीर तिची, युक्ती तिची. तिने एकदा गेटाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि म्हणाली, "जा निमे. सांडू नकोस." आणि ती बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काकूही तिथेच थांबल्या.

आत मॅनेजर हात जोडून उभे. साच्यांच्या खात्याचं दार सताड उघडं, आत माळा घातलेले साचे. तारामावशींनी दारातून नमस्कार केला आणि सरळ पुढे चालायला लागल्या. मागून सगळ्या. "अहो, इकडे, इकडे," मॅनेजर पेढ्यांचं ताट घेऊन मागे धावतायत, फोटोग्राफर उलटा चालतोय, आणि मी दोन्ही हातांनी कळशी धरून, पदर दातात... बॉयलरघर आलं, वळलो, आणि विहीर! बायकांच्या तोंडून असा आवाज निघाला की कबुतरं उडाली. काठावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू काठावर रिकामे केले, नारळ फोडला, आणि मग एकेक कळशी पाण्यात गेली. मॅनेजरांना काय चाललंय ते कळलं तेव्हा निम्म्या कळशा भरल्या होत्या. परत निघालो. त्या गेटातून बाहेर पडणाऱ्या बायकांचे फोटो निघाले खरे, पण डोक्यावर पाणी घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला कामावर रुजू झाली असं कोण म्हणणार? बाहेर काय गलका झाला! पुरुष नाचायचेच बाकी होते. मी तोवर खांद्यापर्यंत भिजले होते, कळशी अर्धी उरली होती, आणि मी एवढ्या मोठ्याने हसत होते की माझ्या काकांनी पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं.

ती अर्धी कळशी मी कुंदाला दिली, तिने काकांपुढे धरली. काकांनी ओंजळ केली. "बाबा, पिऊ नका! उकळल्याशिवाय नाही!" कुंदा किंचाळली. काका थांबले. त्यांनी ते पाणी तोंडावर मारलं, डोळे पुसले, आणि कितीतरी दिवसांनी लेकीकडे पाहून म्हणाले, "खोल किती आसा गो ती?" मग काय विचारता! कुंदा जी सुटली, खोली, झरे, जंतू, हातवारे करून करून, आणि तो अबोल माणूस मान डोलावत ऐकत राहिला.

त्या दिवसापासून बायकांसाठी लहान दरवाजा रोज दुपारी उघडायला लागला, आणि पुढे नळीही सुरू झाली. संपाचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो मिटला नाही, विरत गेला. सावंतकाका परत कामावर गेले नाहीत. कुंदाला मात्र वाट सापडली होती. कॉलेजात शिकवायची नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ पाणी, कचरा, संडास, गटारं. शाश्वत विकास हा शब्द कुणी काढला की ती विचारायची, "तुमच्या घरी पाणी कोण भरतं?" आणि पाहुणा गार! गिरणी पाडून टॉवर यायची वेळ आली तेव्हा विहिरीच्या जागी नकाशात कारंजं होतं, आणि त्या कारंज्याला टँकरचं पाणी. कुंदाने टॉवरवाल्यांच्या साहेबांना त्यांच्या कार्यालयात नाही, समोरच्या इराण्याकडे बोलावलं. चाळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या तिथे ब्रून मस्का खात बसलेल्या. मला वाटलं, काय मुत्सद्दी बाई आहे! विहीर राहिली. तिच्यावर पंप बसला, आणि कुंपणाच्या भिंतीतून बाहेर, फुटपाथवर, एक नळ आला, चाळीसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

पुढे टॉवरमधल्या लोकांनाच विहिरीचा अभिमान वाटायला लागला. त्यांनी विहिरीशेजारी एक छान खोली बांधली, कुंदाच्या नावाची पाटी लावली, आत गोल टेबल, पडदा, एसी. उद्घाटनाच्या दिवशी तिला नेमका ताप आला. नंतरही ती तिथे बसली नाही. एसीने सर्दी होते म्हणायची. ती आपली बाहेर, नळापाशी, बदामाच्या झाडाखाली स्टूल टाकून बसायची आणि पोरांना विहीर बघायला मंगलबरोबर आत पाठवायची. "मी थांबते इथे, नळाला गर्दी आहे," म्हणायची. मला ते पटायचं. तिला सर्दी खरंच लवकर व्हायची.

गेल्या रविवारी टॉवरवाल्यांनी तिची शोकसभा ठेवली, त्याच खोलीत. मी पोचले तर सगळी चाळ बाहेर, फुटपाथवर, सतरंज्या टाकून बसलेली. तिचे विद्यार्थीही त्यांच्यात. सोसायटीचे सेक्रेटरी गिरणीच्याच जुन्या गेटाशी उभे, बिचारे सज्जन गृहस्थ, घामाघूम झालेले. "मंगलताई, आत या ना. खुर्च्या मांडल्यात, फोटोला हार घातलाय."

मंगल उठून उभी राहिली. "साहेब, रागावू नका. इतके दिवस मी जात होते, पोरांना दाखवायला कुणीतरी हवं म्हणून, आणि तू मागाहून आलेली सून, तुला चालतं, असं ताई सांगायच्या म्हणून. आज नाही. सासऱ्यांचा शब्द होता, संप मिटेपर्यंत आमच्या घरातलं माणूस ह्या गेटातून आत जाणार नाही. संप मिटलाच नाही. ताईंकडून शब्द एकदा मोडला. पुन्हा त्यांनी मोडला नाही."

मी चपला काढून सतरंजीवर बसले. इराण्याचं हॉटेल, ताप, सर्दी, नळाची गर्दी... जिने ती विहीर राखली, तिने ती आयुष्यात एकदाच पाहिली होती, माझ्या पाठीत दणका घातला तेव्हा.

सेक्रेटरींनी कपाळावरचा घाम पुसला. मग वळून त्यांनी वॉचमनला सांगितलं, "ताईंचा फोटो बाहेर आण. आणि खुर्च्यासुद्धा."